ताम्हिणीचा सराव आणि लडाखची उंची

पावसाळ्यात ताम्हिणी उतरून माणगाव गाठणाऱ्याला घाट शिकवावा लागत नाही. धुक्यात वेग कुठे तोडायचा, उतारावर ब्रेक दाबून न बसता गाडी खालच्या गिअरमध्ये कशी सोडायची, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे पौड-पिरंगुटच्या चालकांच्या अंगात मुरलेलं असतं. म्हणून लडाखचा बेत ठरला की पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपण ताम्हिणी मारतो, तिकडं काय अवघड?’

अवघड आहे ती उंची. मुळशी धरणाकाठचा रस्ता समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आणि मनालीच्या वाटेवरची टांगलांग ला खिंड ५,३०० मीटरच्या वर. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या जवळपास निम्माच. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं हे त्रास अडीच हजार मीटरनंतर कुणालाही होऊ शकतात.

‘मी दर रविवारी सिंहगड चढतो, मला काही होणार नाही’ हा सगळ्यात धोक्याचा समज. दमसास चांगला असणं आणि विरळ हवा मानवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. उलट तब्येतीवर भरवसा असलेली माणसं घाई करतात आणि लक्षणं अंगावर काढतात. कापूर हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. हातात मावणारा ऑक्सिजनचा कॅन काही मिनिटांत संपतो. उंचीच्या त्रासावर डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पहाट, खाली उतरणं हाच पहिला उपचार.

म्हणून बेत मुक्कामांच्या उंचीवरून आखावा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. आता पाहा: मनालीत (सुमारे २,००० मीटर) झोपून दुसऱ्या रात्री सरचूला (सुमारे ४,३००) तंबूत शिरणारे अनेक जण रात्रभर कण्हत बसतात. श्रीनगर (१,६००), कारगिल (२,७००), लेह असं गेलं तर शरीराला वेळ मिळतो. जाताना श्रीनगर, येताना मनाली, हा क्रम मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो.

‘पाऊस नसेल तर ओढे कोरडे’ हा खास आपल्याकडचा हिशेब. ताम्हिणीत रस्त्यावरचं पाणी पावसाबरोबर येतं आणि त्याच्याबरोबर ओसरतं. मनालीच्या वाटेवरच्या बारालाचा खिंडीच्या आसपासच्या नाल्यांना पाणी देतो तो वितळणारा बर्फ. सकाळी चाक बुडेल न बुडेल एवढा असलेला नाला, लख्ख ऊन पडलं की दुपारनंतर फुगतो. असे नाले पहाटेच निघून ओलांडावेत. लडाखमध्ये पाऊस फार कमी, हे खरं. पण मनालीकडे नेणारा मंडी-कुल्लूचा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये दरडींखाली जातो.

पेट्रोलचं म्हणाल तर मनालीच्या वाटेवर लाहौलमधल्या टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. मोटारीची भरलेली टाकी तेवढं निभावते, पण चढणीवर गाडी जास्त पिते. लहान टाकीच्या बाइकवाल्यांनी सोबत जादा पेट्रोल ठेवावं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आणि खारदुंग ला खिंडीत अनेक वर्षं असलेली १८,३८० फुटांची पाटी मोजमापाला धरून नव्हती: खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट.

राहिला रजेचा प्रश्न. पुण्याहून मनालीच सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. नुसत्या जाण्या-येण्यात आठवडा सरतो. रजा पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल, तर गाडी घेऊन लेहला निघू नका.