दुखतंय म्हणून बसून राहू नका

२०११च्या जनगणनेत गोव्यात साठी ओलांडलेले ११ टक्क्यांहून अधिक होते. देशात साडेआठच्या आसपास. मुलं परगावी गेलेल्या पेडणे-डिचोलीतल्या घरांत गुडघा दुखला की ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला सोपा. पण बसून राहिल्यानं स्नायू आणि हाडं दुबळी होतात, तोल जातो. हालचालीनं सांधा आणखी झिजेल, ही शंका स्वाभाविकच. मात्र मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामानं वेदना कमी होतात, असं चाचण्यांत वारंवार दिसलंय. उलट, मनानं रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. हाडांसाठी आहारही महत्त्वाचा: १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं; काट्यांसकट खाल्लेली बारीक मासळीही उपयोगी. किरकोळ पडण्यानं हाड मोडलं, तर मात्र हाडांच्या घनतेची तपासणी टाळू नये.