अल्पसंभाव्य घोडा आणि त्याचा भाव

भामरागडसह गडचिरोलीच्या वनप्रदेशात भरणाऱ्या कोंबडा बाजारात पायाला काती बांधून कोंबडे झुंजविले जातात व त्यांवर पैजा लागतात. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा झुंजी निषिद्ध आहेत; तथापि पैजेचे तत्त्व समजण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे. अंग व वजन पाहून तुल्यबळ जोड लावली की एका रुपयास एक रुपया ही पैज न्याय्य ठरते. तेथे ‘अल्पसंभाव्य’ असा पक्षच उरत नाही.

शर्यतीत अनेक घोडे धावतात. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादून समबळ साधण्याचा यत्न होतो. परंतु तो अपुराच पडतो. उरलेला फरक भाव भरून काढतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील (स्थापना १८८३) टोटच्या पद्धतीत भाव ठरविणारा कोणी जाणकार नसतो. जमलेल्या पैशाच्या वाटणीतूनच तो निघतो. म्हणजे भाव हे घोड्याच्या बळाचे माप नसून लोकमताची किंमत होय.

समजा, १०,००० रुपये जमले व २,००० कापले गेले. दुर्लक्षित घोड्यावर १०० रुपये असतील, तर तो जिंकल्यास रुपयास ८० रुपये मिळतील. तो ८० वेळांतून एकदा जिंकत असेल, तरच मुद्दल सुटते. प्रत्यक्षात १६० तून एकदाच जिंकत असेल, तर दीर्घकाळात रुपयाचे ५० पैसेच परत येतात. याउलट ४,००० रुपये लागलेला घोडा रुपयास दोनच रुपये देतो. पण शंभरांतून ४२ वेळा जिंकला, तर ८४ पैसे परत येतात.

अमेरिकन शर्यतींच्या आकड्यांवरून ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये हाच कल दाखविला: अल्पसंभाव्य घोड्यांवर लोक प्रमाणाबाहेर पैसे लावतात. काहनेमन व ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या सिद्धांतानुसार मनुष्य अत्यल्प संभाव्यतेस अवास्तव वजन देतो. हाँगकाँगच्या शर्यतींत मात्र १९८८ मध्ये बुशे व हॉल यांना असा कल आढळला नाही. तेव्हा हा अटळ नियम नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ मानले. ते कौशल्य मोठा भाव हेरण्यात नाही. अंतर, वजन व मागील कामगिरी यांवरून लोकमताची चूक ओळखण्यात आहे. ती चूक कापलेल्या रकमेहून मोठी नसेल, तर योग्य निवडही तोट्याचीच ठरते. थोड्या पैशांत मोठी आशा विकत घेणाराच तिची सर्वांत महाग किंमत मोजतो.