डग्गा का घुमतो?

डोंबिवली-कल्याणच्या फ्लॅटमध्ये स्पीकरची जागा बहुधा टीव्ही आणि शोकेस ठरवतात. एक कोपऱ्यात, दुसरा कपाटावर! मग डग्गा नुसता घुमतो आणि गायिका एका बाजूला सरकते.

कोपऱ्यातल्या भिंती खर्जाचे स्वर फुगवतात. त्यात समोरासमोरच्या भिंतींत १० फुटांचं अंतर असेल, तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर तिथे अडकून राहतो.

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइनने १९३१मध्ये ज्या स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याची भिस्त दोन कानांवर आहे. म्हणून दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा, ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर ठेवावा.

बाजूच्या भिंतीवरून आवाज नेमका कुठून परावर्तित होतो हे शोधायला, तिच्यावर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगावं. बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसला, की तिथे पुस्तकांचं कपाट उभं करावं. ठाण्यातल्या नव्या टॉवरमध्ये तिथे काचेची खिडकी असेल, तर जाड पडदा लावावा.