अहिंसेचा आरंभ स्वतःपासून

अहिंसा म्हणजे कोणाला न मारणे, एवढाच अर्थ आपण बहुधा घेतो. आणि देहाला जितके अधिक कष्ट तितके व्रत श्रेष्ठ, असेही मानून चालतो. या दोन्ही समजुती गांधीजींच्या चरित्रातील दोन प्रसंगांवर घासून पाहाव्यात, असे आम्हांला वाटते.

पहिला प्रसंग दुधाचा. दूध अधिक निघावे म्हणून कलकत्त्यात गाईम्हशींचे जे हाल केले जात, त्यांची हकीकत वाचून गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे १९१८ साली ते आमांशाने अंथरुणाला खिळले. दुधावाचून शरीर सावरणार नाही, असे डॉक्टर दलालांनी बजावले. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की, व्रत घेताना गाईम्हशीच मनात होत्या. मग शेळीचे दूध का नको? गांधीजींनी ते घेतले. परंतु व्रताचा शब्द पाळला आणि भाव मोडला, ही कबुली आत्मचरित्रात देण्यास ते चुकले नाहीत. आपला देहही एक जीवच आहे; त्याला जगू द्यावे, आणि चूक झाली तर ती न झाकता, स्वतःला न झोडपता मान्य करावी. स्वतःवरील दया ती हीच, असे आम्ही समजतो.

दुसरा प्रसंग १९२८ सालचा, साबरमतीचा. आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपाय खुंटले, तेव्हा गांधीजींनी विचारविनिमय करून विषाची सुई देववून त्याला वेदनांतून सोडवले. निषेधाच्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की अहिंसेची परीक्षा कृतीच्या बाह्य रूपावरून नव्हे, हेतूवरून करावयाची. ही वाट निसरडी आहे, हे खरे. स्वार्थालाही दयेचे सोंग घेता येते. म्हणूनच प्रत्येक वेळी स्वतःला विचारले पाहिजे : येथे दुःख कोणाचे हलके होत आहे? त्या जीवाचे, की आपल्या सोयीचे?

हा प्रश्न आपल्या घरातही विचारता येईल. अंगात ताप असता चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या त्यागाचे आपण कौतुक करतो. तिला झोपवून पातेले आपण हाती घेत नाही. घरातले दुःख न पाहण्याची एकदा सवय जडली, की उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या मानेवरची जखम तरी कोठून दिसणार?