स्मारक हटवावे कोणी आणि कसे?

मार्च २०२५ मध्ये, बीडच्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबाद येथे असलेली औरंगजेबाची कबर हटवावी, या मागणीने महाराष्ट्र ढवळून निघाला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या करविणाऱ्या बादशहाविषयी मराठी मनात रोष असणे स्वाभाविक आहे. तो आम्ही अमान्य करीत नाही. परंतु रोषाचे रूपांतर निर्णयात कसे व्हावे, हा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

ही कबर राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा वास्तूची नासधूस हा गुन्हा ठरतो. त्याच कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे, एखाद्या स्मारकाचे राष्ट्रीय महत्त्व उरलेले नाही असे केंद्र सरकारचे मत झाल्यास ते राजपत्रात तसे जाहीर करू शकते. अर्थात संरक्षण काढण्याचा अधिकार केंद्राचा आहे, सभेतील वक्त्याचा नव्हे. तरीही भाषणे अशी झाली की जणू कुदळ उचलण्याचाच अवकाश! १७ मार्च रोजी खुलताबादपासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात याच मागणीसाठी निदर्शने झाली. त्या सायंकाळी हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली आणि एका जखमीचा पुढे मृत्यू झाला.

पुण्यातील दोन घटना येथे ताडून पाहाव्यात. डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने ठराव करून हटविला. अनेकांना तो निर्णय रुचला नाही. पण निर्णय कोणाचा हे उघड होते, म्हणून जाब विचारता आला. जानेवारी २०१७ मध्ये मात्र संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरींचा पुतळा रात्री उखडून मुठेत फेकण्यात आला. ‘राजसंन्यास’ नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणाचा तो राग होता. तेथे ना ठराव झाला, ना दुसरी बाजू ऐकली गेली.

या दोन रीतींतील अंतर आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्यांवरील गोळीबारात दहा जणांनी प्राण गमावले. स्मारकांचा निवाडा रात्रीच्या अंधारावर वा जमावाच्या बळावर सोपविला, तर अल्पसंख्य आणि दुर्बल समाजांची स्मारके प्रथम धोक्यात येतात.

म्हणून अशी भाषणे कानी पडली की आमच्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: या वास्तूविषयी पुरावा काय सांगतो? तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि सभा संपल्यावर रस्त्यावर कोणाची मुले उभी राहणार आहेत?