ओळख झाडांची (भाग ७) : पांढऱ्या सालीचे तीन दावेदार
मागच्या भागात पानांची मांडणी पाहिली. पानांवरूनही अडलं की विचारावं लागतं, आणि खरा घोळ तिथेच होतो. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या धावडा गावाच्या शिवारात किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेत कुठेही 'पांढऱ्या सालीचं झाड कोणतं?' म्हणून विचारा. कुणी धावडा म्हणेल, कुणी कांडोळ, कुणी अर्जुन. तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण प्रश्नच अर्धा आहे.

म्हणून गुराख्याला किंवा डिंक वेचणाऱ्या बाईला नुसतं नाव विचारू नका, 'याचं काय करता?' तेही विचारा. धावड्याचा डिंक लाडवात पडतो आणि त्याच्या चिवट लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे होतात. कांडोळाचाही डिंक निघतो, पण तो पाण्यात फुगून लगदा होतो. एवढ्या दोन वाक्यांत निम्मं काम झालं.

आता जवळ जा. धावड्याची साल राखी-पांढरी, गुळगुळीत. पातळ खपल्या निघाल्या की तिथे उथळ खळगे राहतात. पान साधं, लंबगोल, थंडीत तांबूस होणारं. फुलं इतकी बारकी, की हिरवट-पिवळे गोल गेंद दिसतात तीच फुलं हे पटत नाही. कांडोळाचं पान पंजासारखं पाच भागांचं, फांदीच्या टोकाशी गोळा झालेलं. त्याच्या लालसर फळांवर टोचरी लव असते. उत्साहाच्या भरात हात लावू नका. अर्जुन बहुधा ओढ्याकाठी सापडतो, फळाला पाच पंख.

नावाचाही एक चकवा आहे. धायटीला काही भागांत धावशी म्हणतात, म्हणून लाल फुलांचं झुडूप दाखवून 'हाच धावडा' सांगणारे भेटतात. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य जी धातकीची फुलं वापरतात, ती या झुडपाची. धावड्याशी त्याचा संबंध नावापुरता.

असं विचारत जाणं हे हौशी माणसाचंच लक्षण, असा एक गैरसमज आहे. थिओडोर कुक यांचंच पाहा. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात वनस्पती कुठे सापडली त्यापुढे कानिटकर, भिवा, वुड्रो अशी नावं येतात आणि नावापुढे उद्गारचिन्ह. अर्थ एवढाच, की त्या माणसाने गोळा केलेला नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे. सांगणाऱ्याचं श्रेय आणि तपासणाऱ्याची जबाबदारी एका चिन्हात! जालना मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे कुकसाहेबांच्या हद्दीबाहेर. आपल्या भागासाठी वि. ना. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा १९९८ सालचा ग्रंथ हाताशी हवा.

जाणकाराला फोटो पाठवताना फक्त फुलाचा जवळून काढलेला फोटो पाठवू नका. मोबाइलमधलं ॲपही त्यावर घसरतं. अख्खं झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल किंवा फळ, शिवाय महिना आणि जागा: माळ, उतार की ओढा. नमुनाच द्यायचा असेल तर फुलाफळांसह डहाळी वर्तमानपत्रात दाबा, वर वजन ठेवा आणि ती सुकेपर्यंत कागद रोज बदला. पावसाळ्यात याचा कंटाळा केला की बुरशी धरलीच.