इलेक्ट्रिक गिटारची बॉडी: काय ऐकू येतं, काय हाताला जाणवतं

बॉडीच्या आकारावरून आवाज ठरतो, हा इलेक्ट्रिक गिटारबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. तो आला साध्या गिटारवरून. तिथे पोकळ पेटी हवा हलवते, त्यामुळे पेटीचा आकार महत्त्वाचा. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेचं कंपन पिकअप टिपतो आणि आवाज ॲम्प्लिफायर देतो. शिंगं लांब की आखूड, याने कानाला फारसं काही कळत नाही. खांद्याला आणि बरगड्यांना मात्र लगेच कळतं.

फेंडरची टेलिकास्टर म्हणजे सपाट फळी. बराच वेळ वाजवलं की तिची कड हाताला रुतते. १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागची बाजू बरगड्यांसाठी तासली आणि पुढची कड हात टेकतो तिथे उतरती केली. तिचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचतं, पट्ट्याची खुंटी त्याच्या टोकाला, म्हणून तोल राहतो. गिब्सन एसजीची खुंटी मागे नेकच्या बुडाशी आणि बॉडी हलकी. हात सोडला की हेडस्टॉक खाली झुकू लागतो, आणि स्वर धरायचा डावा हात नेक सावरत बसतो.

वजनदार ती चांगली, हेही खरं नाही. गिब्सनचीच लेस पॉल बऱ्याचदा चार किलोंच्या वर जाते. त्या वजनाने स्वर जास्त टिकेलच असं नाही, खांदा मात्र नक्की दुखतो. वरचे फ्रेट गाठणंही फक्त कटअवेवर, म्हणजे नेकशेजारी बॉडीला दिलेल्या खाचेवर, अवलंबून नसतं. लेस पॉलमध्ये नेक जिथे बॉडीला मिळते तिथली लाकडाची जाड पायरी अंगठ्याला अडवते. एसजीची नेक जवळजवळ शेवटपर्यंत मोकळी आहे.

लहान हातांसाठी लहान बॉडी शोधणाऱ्यांनी आधी नेकची जाडी आणि तारेची लांबी पाहावी. फेंडरवर ती साधारण ६४८ मिलिमीटर, गिब्सनवर ६२८. त्याच तारा, तेच स्वर, पण गिब्सनवर ताण सुमारे ६ टक्क्यांनी कमी. तार ओढून स्वर चढवताना हा फरक बोटांना कळतो.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत तार ओढण्याच्या या सोयीला वेगळं महत्त्व आहे. इथल्या त्यागराय गानसभेत कर्नाटक संगीत ऐकणाऱ्याला गमकांवाचून, म्हणजे झुलवलेल्या स्वरांवाचून, राग पुरा वाटत नाही. आंध्रातल्या पालकोल्लूला १९६९ साली जन्मलेले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी आठ तारांचं, जोडतारांचं मँडोलिन बाजूला ठेवून पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं. जोडतार ओढून गमक काढणं अवघड, आणि साध्या मँडोलिनचा स्वर लवकर विरतो. वाद्याच्या घडणीतला बदल थेट वादनात उतरला, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गिटार विकत घेताना, मांडी घालून वाजवणार असाल तर दुकानातही तसंच बसून पाहा. बॉडीला खालून कंबर असेल तर ती मांडीवर बसते. फ्लाइंग व्ही घसरते. उभं राहून पट्टा लावा आणि डावा हात सोडून बघा. तारा उंच वाटल्या म्हणून गिटार नाकारू नका: बहुतेक वेळा ब्रिजचे स्क्रू आणि नेकमधला ट्रस रॉड जुळवून ते काम होतं.